४७ नंबरचा नवलकोल

४ जानेवारी, सकाळी ६.४०

शास्त्रज्ञाने डायरी एक तारखेला सुरू करू नये. ते हौशी लोकांचं काम. म्हणून चार. (एक ते तीन तारखेला डायरी सापडत नव्हती, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.)

संकल्प एकच: स्वतःला फसवायचं नाही. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, त्यामुळे फसवून फायदाही नाही.

परिस्थिती अशी. नवलकोलात कडूपणा आणणारी द्रव्यं तयार करणारे जीन ढीगभर आहेत. ते सगळे मजूर. त्यांना सकाळी उठवून कामाला जुंपणारा एक मुकादम जीन कुठेतरी असणार. तो मला शोधायचा आहे. एकदा मुकादम सापडला की त्याला घरी बसवता येईल, आणि जगातली मुलं नवलकोल मागून मागून खातील. मार्चअखेर समिती येते आहे. तोवर मुकादम हाती लागला नाही तर प्रोजेक्ट बंद, आणि माझं पॉलिहाऊस टोमॅटोला.

टोमॅटो म्हणजे शेजारच्या प्रयोगशाळेतले गृहस्थ. टोमॅटोवर काम करतात, हसले की तसेच दिसतात, आणि हल्ली फार हसतात. काल माझ्या पॉलिहाऊसची रुंदी पावलांनी मोजत होते. विचारलं तर म्हणाले, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

६ जानेवारी

द्रव्यं मोजायचं मशीन अजून बंद. एक पार्ट यायचाय. तो ऑक्टोबरपासून निघालेला आहे.

प्रयोगशाळेतल्या माझ्या सहायक पिपेटबाईंशी चर्चा. (त्यांचा हात इतका स्थिर आहे की भूकंपातही थेंब चुकणार नाही. कंत्राट मात्र प्रोजेक्टइतकंच स्थिर.) त्या म्हणाल्या, सर, नमुने बाहेरच्या लॅबला पाठवू या. मी म्हणालो, बाहेरचे लोक कसे मोजतात ते आपण बघणार आहोत का? मशीन नसेल तर जीभ आहे. त्या म्हणाल्या, कुणाची? हा काय प्रश्न झाला.

निर्णय घेण्यापूर्वी स्वतःला कठोरपणे तपासलं. माझी जीभ या कामाला लायक आहे का? मी घरात, कँटीनमध्ये, कुणाच्या लग्नात, कधीच कुठल्या पदार्थाला नावं ठेवलेली नाहीत. म्हणजे माझ्या जिभेला पूर्वग्रह नाहीत. लायक आहे.

१० जानेवारी

पद्धत पक्की केली. प्रत्येक ओळीतून एक गड्डा, मधोमध पातळ चकती. पिपेटबाई बशीवर सांकेतिक आकडा घालणार, जेणेकरून मी काय खातोय ते मलाच कळू नये. दोन चकत्यांच्या मध्ये चूळ, कोमट शुद्ध पाण्याने. दात पेस्टशिवाय घासायचे. सकाळचा चहा बंद. गुण शून्य ते पाच. शून्य म्हणजे कडूपणा नाही, पाच म्हणजे थुंकण्यालायक.

इतकी काळजी फार थोडे लोक घेतात. टोमॅटो तर चव घेताना मीठ लावतात.

११ जानेवारी

चहा झाला. सवयीने. आजचे गुण बाद धरायचे का यावर अर्धा तास विचार केला. मग लक्षात आलं, चवीचं काम सोमवारपासूनच सुरू होणार आहे. मनावरचं ओझं उतरलं. आणखी एक कप घेतला.

१९ जानेवारी, रविवार

बायकोची मैत्रीण नवऱ्यासकट जेवायला. पुन्हा सूपची गोष्ट निघाली. मी दरवेळी नको नको म्हणतो, पण ऐकायला बसतो.

गोष्ट अशी. आमचं अजून काही ठरलं नव्हतं तेव्हा मी प्रथमच तिच्या घरी जेवायला गेलो. तिने सलगमाचं सूप केलं होतं. सलगम जून निघाले, सूप इतकं कडू झालं की तिच्या वडिलांनी चमचा खाली ठेवला, भावाने वाटी सरकवली, आईने पाणी मागितलं. आणि हा माणूस (इथे ती माझ्याकडे हात करते) एक शब्द न बोलता सगळं प्यायला आणि म्हणाला, अजून आहे का? त्याच क्षणी मी ठरवलं, ती म्हणते, जो मनुष्य माझ्यासाठी एवढं कडू हसत गिळतो, तो पुढे काहीही गिळेल.

मैत्रिणीने आपल्या नवऱ्याकडे बघितलं. नवरा माझ्याकडे रागाने बघत होता.

तेव्हापासून लग्नाच्या वाढदिवसाला ती दरवर्षी तेच सूप करते, मुद्दाम जून सलगम आणून. आम्ही दोघं ते समोरासमोर बसून पितो. आमची मुलगी चिमणी त्या दिवशी बाहेर जेवते.

खरं सांगायचं तर मला त्या दिवशी काही त्याग केल्यासारखं वाटलं नव्हतं. पण त्याग करणाऱ्याला तो जाणवतच नाही, हेच त्यागाचं लक्षण असावं.

२२ जानेवारी

पहिल्या वीस ओळी चाखून झाल्या. सतरा शून्यं! रानटी कडू जातीशी संकर केलेली रोपं आणि सतरा शून्यं. माझ्या अंदाजापेक्षा संकर फारच यशस्वी झालाय.

पिपेटबाईंनी एका बशीतली उरलेली चकती तोंडात टाकली आणि बेसिनकडे धावल्या. मग बराच वेळ नळ चालू. बाहेर येऊन म्हणाल्या, सर, ही शून्य? मी विचारलं, सर्दी आहे का? त्या म्हणाल्या, नाही. आवाजावरून मला वाटली.

एका प्रयोगात एकच जीभ, हे मी त्यांना शांतपणे समजावलं. त्या म्हणाल्या, मग माझी घ्या. प्रस्तावावर न्यायबुद्धीने विचार केला. त्यांची नोकरी या निकालावर अवलंबून आहे, त्यांची जीभ तटस्थ राहणार नाही. माझं पॉलिहाऊसही अवलंबून आहे, पण मला त्याची पूर्ण जाणीव आहे, आणि जाणीव असली की पूर्वग्रह उरत नाही. प्रस्ताव नामंजूर.

२९ जानेवारी, दुपारी १२.१५

सापडला!

ओळ ४७. चकती दाताखाली कर्रकन वाजली, मग पाणी, मग गोडवा. शून्य. इतरांची शून्यं आणि हे शून्य यांत फरक आहे, हे शून्य शुद्ध आहे. आकडा उघडून दोनदा पाहिला.

लगेच पॉलिहाऊसमध्ये जाऊन ओळ बघितली. काय रोपं आहेत! यंदा गोगलगायींनी उच्छाद मांडलाय, आजूबाजूच्या सगळ्या ओळींची पानं जाळीदार झालीत, गड्ड्यांना भोकं. ४७ ला एक ओरखडा नाही. गोगलगायी तिच्या कडेपर्यंत येतात आणि वळून जातात. चकचकीत माग दिसतो, वळणासकट.

पिपेटबाई म्हणाल्या, सर, गोगलगायी का खात नसतील? मी म्हणालो, गोगलगायींना चवीतलं काय कळतं.

९ फेब्रुवारी, रविवार

बायको तिच्या बहिणीकडे. घरी मी आणि चिमणी. तिला शाळेत आनुवंशिकतेचा प्रोजेक्ट आहे. एक कागदाची पट्टी जिभेवर ठेवायची. काहींना ती जहर कडू लागते, काहींना नुसता कागद.

विषय माझाच निघाला, मग मी तिला नीट समजावून सांगितलं. जिभेवर कडू चव ओळखणारा एक जीन असतो, काही लोकांत तो जन्मतः कामचुकार, अशा लोकांना विशिष्ट कडूपणा कळतच नाही, आणि गंमत म्हणजे कोबी, सलगम, नवलकोल यांचा कडूपणा नेमका त्यातलाच. अशी माणसं आयुष्यभर आनंदाने खात राहतात आणि त्यांना पत्ताही नसतो. हे मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या व्याख्यानात सांगतो. इथे वर्ग नेहमी हसतो. चिमणीही हसली. म्हणाली, बाबा, पुरे, पट्टी चाट.

तिने आधी स्वतः चाटली आणि असं तोंड केलं की मला तिची आजी आठवली. मग मी चाटली.

कागद.

शाळांना कसलं सामान पुरवतात! शंभरात एखादी पट्टी कोरी जाणारच, ती नेमकी माझ्या वाट्याला. दुसरी मागितली. तीही कोरी. तिसरी चिमणीने स्वतःच्या जिभेला लावून, ओरडून, मग मला दिली. पण तोवर तिच्या थुंकीने औषध धुतलं गेलं असणार.

मी तिला म्हणालो, शिक्षकांना सांग, पाकीट सदोष आहे. तिने वहीतला तक्ता उघडला. मग म्हणाली, बाबा, तुझं मी काय लिहू? म्हटलं, निकाल अमान्य. तिने तसं लिहिलं. मुलीला शास्त्रीय शिस्त लागते आहे याचं समाधान वाटलं.

१५ फेब्रुवारी

आईचा फोन. ४७ बद्दल सांगितलं. तिला फारसं कळलं नाही, पण आनंद झाला. म्हणाली, तुला लहानपणापासून कडूचं काही वाटायचंच नाही रे. तुझा भाऊ पाल्याची भाजी दिसली की टेबलाखाली जायचा, तू त्याचीसुद्धा खायचास. अगदी बाबांवर गेलास, ते तरी कधी कशाला नाही म्हणाले?

संयम आमच्या घराण्यातच आहे.

२१ फेब्रुवारी

डीएनएचे निकाल आले. आयुष्यात असे दिवस मोजके.

माझी शून्यवाली रोपं एकीकडे, तीन-चार गुणांची दुसरीकडे, आणि जीनोममध्ये दोघांत नेमका फरक कुठे आहे ते शोधलं. एकाच ठिकाणी बोट पडलं. मुकादम! ४७ मध्ये मुकादमाच्या तोंडाशीच डीएनएचा एक तुकडा गायब. निष्कर्ष उघड आहे: मुकादमाचा आवाज गेला, मजूर घरी बसले, कडूपणा संपला.

पिपेटबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, सर, गायब झालेला तुकडा ब्रेकचा असेल तर? म्हणजे मुकादमाला कुणी थांबवणारंच नाही, तो चोवीस तास ओरडतोय, असं नसेल ना? मी म्हणालो, तुम्ही फार निराशावादी आहात. मी स्वतः खाऊन पाहिलंय.

त्या म्हणाल्या, मीही.

सर्दीचा विषय पुन्हा काढणं मला प्रशस्त वाटलं नाही.

२ मार्च, रविवार

मी हट्टी आहे का? दोन रात्री याच विचारात गेल्या. शेवटी ठरवलं, दुसरं मत घ्यायचं. तटस्थ, नोकरीशी संबंध नसलेलं, आणि आयुष्यभर माझ्याशी खोटं न बोललेलं.

चिमणी शिबिराला गेली आहे. मी ४७ चा एक गड्डा घरी आणला, सोलला, चकत्या केल्या, बशीत मांडल्या. बायकोला काही सुचवायचं नाही म्हणून एवढंच म्हणालो: माझी दहा वर्षांची मेहनत या बशीत आहे, पॉलिहाऊसही यावरच आहे, तू कसलंही दडपण न घेता सांग.

तिने चकती तोंडात घातली. चावली. थांबली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा चावली आणि गिळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, छान आहे.

इतक्या वर्षांत माझ्या कामाने ती रडल्याचं हे पहिलंच उदाहरण. मी म्हणालो, अजून घे. ती म्हणाली, नको, तुझ्या समितीला राहू दे. आणि लगबगीने आत गेली. भावना दाखवायला तिला आवडत नाही.

दुसरं मत अनुकूल.

११ मार्च

टोमॅटो कँटीनमध्ये. म्हणाले, काय डॉक्टरसाहेब, ऐकलं तुमचा नवलकोल पेढ्यासारखा झालाय. मी म्हणालो, सत्तावीस तारखेला या, स्वतःच खाऊन बघा. सगळ्यांसमोर? ते म्हणाले. मी म्हणालो, सगळ्यांसमोर. समितीला आलेख दाखवणार नाही, बशी देणार. ते इतके हसले की देठापर्यंत लाल झाले.

आलेख दाखवायचे नाहीत, ही कल्पना बोलता बोलता सुचली. उत्तम आहे.

२० मार्च

पार्ट आला. मशीन सुरू झालं. पिपेटबाई दुपारी जेवल्या नाहीत.

२५ मार्च

पिपेटबाई आकडे घेऊन आल्या. कडू द्रव्यं सगळ्यांत कमी कुठे आहेत, तर गोगलगायींनी चाळण केलेल्या ओळींत. सगळ्यांत जास्त कुठे, तर ४७ मध्ये. थोडीथोडकी नाही. त्या म्हणाल्या, सर, रेघ कागदाच्या वर गेली, मला कागद बदलावा लागला.

मशीन पाच महिने बंद होतं, नव्या पार्टने बिथरलंय. मी म्हणालो, पुन्हा कॅलिब्रेट करा. त्या म्हणाल्या, तीनदा केलं. म्हटलं, चौथ्यांदा करा. आपण ज्याने मोजतो ते साधन आधी तपासल्याशिवाय एकही आकडा मान्य करायचा नाही, हा माझा वीस वर्षांचा नियम आहे.

यावर त्यांनी आकड्यांच्या कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, सर, परवा बशी नको. निदान एक दिवस आधी तुम्ही सोडून कुणालाही खायला द्या. मी म्हणालो, घरी दिलंय. डोळ्यांत पाणी आलं. पिपेटबाईंनी विचारलं, कुणाच्या?

२७ मार्च, सकाळी ७.३०

समितीचा दिवस. पांढरा शर्ट. चहा नाही. ४७ चे चार उत्तम गड्डे काढले. चकत्या, टूथपिक्स, मोठी काचेची बशी. मन शांत. सगळ्या शक्यता तपासून झाल्या आहेत.

२७ मार्च, संध्याकाळी

लिहिणं भाग आहे. संकल्प.

समितीत पाच जण. अध्यक्षबाई निवृत्त प्राध्यापिका, आनुवंशिकताच शिकवायच्या. शिवाय आमचे डायरेक्टर, आणि पाहुणे म्हणून टोमॅटो. मी पॉलिहाऊसमध्ये ओळीशेजारी टेबल मांडलं होतं. छोटं भाषण केलं. मुकादम, मजूर, मुलं मागून मागून खातील, सगळं. मग बशी फिरवली.

पहिल्यांदा डायरेक्टर. त्यांनी चकती दाताखाली धरली आणि तसेच थांबले, फोटो काढताना थांबतात तसे. समितीतल्या एकाने रुमाल तोंडाला लावला आणि काढलाच नाही. दुसरे पॉलिहाऊसच्या दाराबाहेर गेले, बाहेरून आवाज आला. अध्यक्षबाईंनी मात्र शेवटपर्यंत चावलं, गिळलं आणि पाणी मागितलं. टोमॅटोंनी टूथपिक हातातच ठेवली होती. त्यांनी खाल्लंच नाही. हा मनुष्य मला वाटतो त्यापेक्षा हुशार आहे.

मला वाटलं, चकत्या कापून बराच वेळ झाला, लोकांना सवय नसेल. धीर द्यावा म्हणून मी स्वतः एक खाल्ली. मग आणखी एक. मग, कुणीच काही बोलेना म्हणून, एकामागून एक सहा. हसत हसत. म्हणालो, गोड आहे.

डायरेक्टर म्हणाले, हे औषध म्हणून आहे का? टोमॅटो पानांकडे बघत, अगदी हळू, गाढवाला गुळाची चव काय म्हणाले. पिपेटबाई स्वतःच्या बुटांकडे बघत होत्या.

अध्यक्षबाईंनी विचारलं, तुम्हाला खरंच काही लागत नाही? आवाज फार मायाळू होता. मी नाही म्हणालो. मग त्या पेशंटला सांगतात तशा सांगू लागल्या, की जिभेवर एक जीन असतो, काही लोकांत तो जन्मतः...

पुढचं मला पाठ होतं. दुसरं व्याख्यान. मी त्यांच्याबरोबर मनात म्हणत गेलो, शब्दाला शब्द. फक्त वर्ग हसतो त्या जागी कुणी हसलं नाही.

२८ मार्च

ऑफिसला गेलो नाही. पोट बिघडलंय असं कळवलं. सहा चकत्यांनंतर सगळ्यांनी विश्वास ठेवला.

हात दाखवून अवलक्षण, पण अवलक्षण नेमकं कसं झालं ते तरी शिस्तीत समजून घ्यावं. मला कडू कळत नाही, तरी माझ्या गुणांत फरक कसा पडला? उत्तर दुपारी सुचलं. जी चकती कुरकुरीत, तिला मी गोड म्हणालो. मऊ, भोकं पडलेली, तिला तीन-चार. कुरकुरीत कोण, तर ज्यांना गोगलगायी शिवल्या नाहीत. आणि शिवल्या का नाहीत, तर कडू म्हणून. म्हणजे तीन महिने गोगलगायी अचूक चव घेत होत्या, आणि मी त्यांचे आकडे उलटे उतरवून घेत होतो.

टूथपेस्ट बंद केली. चहा बंद केला. मशीन चार वेळा कॅलिब्रेट करायला लावलं.

चिमणी शाळेतून आली. मी म्हणालो, ती पट्टी बरोबर होती. ती म्हणाली, माहितीये. मग म्हणाली, प्रोजेक्ट दिलाय, पण दुरुस्ती चालते म्हणाल्या बाई. कडू कळत नाही असं लिहू? म्हटलं, लिही. तिने माझ्या डोक्यावर थोपटलं. सोळाव्या वर्षी.

३१ मार्च

निकाल. पॉलिहाऊस टोमॅटोला. पूर्ण.

पिपेटबाई माझ्या टेबलाशी उभ्या राहून म्हणाल्या, सर, जीन तोच आहे. तुम्ही शोधलेला मुकादम खराच आहे, मशीनने सिद्ध झालं. फक्त चिन्ह उलटं. समितीने जीनचं काम पुढे चालू ठेवलंय, पिपेटबाईंच्या नावावर, त्यांच्या कंत्राटासकट. मनापासून आनंद झाला. (मनापासून का, हे दोनदा तपासलं. बराचसा.) त्या आता चव घेणारं दहा जणांचं मंडळ नेमणार आहेत. म्हणाल्या, सर, त्यात तुम्हीही हवे आहात. मी भारावलो. म्हणाल्या, काहीच न कळणारा एक माणूस तुलनेसाठी लागतो.

होकार दिला.

टोमॅटो स्वतः भेटायला आले. हसले नाहीत, त्यामुळे ओळखायला वेळ लागला. म्हणाले, ४७ चं बी द्याल का? गोगलगायी माझे टोमॅटो ठेवत नाहीत, कडेने कुंपणासारखा लावतो. बी दिलं. जगातली मुलं नाही तर नाही, निदान गोगलगायी तरी तो न खाण्यासाठी लांबून येतील.

३ एप्रिल

परवा लग्नाचा वाढदिवस. फ्रिजमध्ये सलगम आले आहेत. जून.

बायकोला समितीचं सांगितलं, निकाल विरुद्ध गेला एवढंच. पट्टीचं सांगितलं नाही. चिमणीला गप्प राहायला सांगितलंय. ती म्हणाली, बाबा, मी बोलणार नाही, पण तू बोल.

सांगावं का? पॉलिहाऊस गेलं ते गेलं. पण सूपची गोष्ट गेली तर माझ्याकडे राहतं काय? बाजू एक: मी तिला कधी खोटं सांगितलं नाही, तिने स्वतःच अर्थ लावला. बाजू दोन: अठरा वर्षं मी तो अर्थ ऐकायला बसत आलो, आणि नको नको म्हणताना खुर्ची जवळ ओढली. शिवाय २ मार्चला तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी. ते काय होतं ते आता मला कळतं. तिने ती चकती गिळली, कशासाठी, तर माझ्यासाठी. जे मी केलं असं ती सांगते, ते तिने केलं.

संकल्प: परवा, पहिल्या चमच्याआधी, सगळं सांगायचं. भाषण तयार करतो. छोटं.

५ एप्रिल

लग्नाचा वाढदिवस. चिमणी या वर्षी बाहेर गेली नाही. म्हणाली, मला बघायचंय.

सूप आलं. समोरासमोर बसलो. पहिल्या चमच्याआधी धीर झाला नाही. दुसऱ्याआधीही. अर्धी वाटी झाल्यावर सांगितलं. भाषण विसरलो. एवढंच म्हणालो, मला हे कडू लागत नाही. कधीच लागलं नाही. जीन आहे.

तिने विचारलं, म्हणजे त्या दिवशी आमच्या घरी?

छान लागलं होतं, मी म्हणालो.

अजून आहे का म्हणालास, ते?

भूक होती.

आणि नंतरची सगळी वर्षं?

तीही छान.

तिने चमचा खाली ठेवला. मला वाटलं, गोष्ट गेल्याचं दुःख करते आहे. मी म्हणालो, तुझा माझ्याबद्दल गैरसमज झाला, त्याबद्दल मी... तिने मधेच तोडलं. म्हणाली, तुझं राहू दे. मला हे सूप जन्मात आवडलेलं नाही. दरवर्षी नाक दाबून पिते. वाटायचं, वर्षातून एकदा आपण दोघं मिळून कडू गिळतो, तेवढं तरी बरोबरीने. आणि मी इथे एकटीच गिळत बसले होते!

चिमणी आधी हसली. मग ती. मला थोडा वेळ लागला.

मग ती उठली, आत गेली. ऑम्लेटचा वास आला. दोन बशा घेऊन बाहेर आली, एक तिची, एक चिमणीची. पातेलं उचलून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, संपव, टाकून कशाला द्यायचं. पुढच्या वर्षीपासून तुझं तू करून घे.

त्या दोघी ऑम्लेट खात होत्या. मी तीन वाट्या प्यायलो. सूप चांगलं झालं होतं.

अर्थात, हे माझं मत.